मुक्ता साळवेचा निबंध : युक्तिवादाचे प्रकार आणि त्यांची गुंफण

महाविद्यालयीन वर्गात युक्तिवादपर निबंध शिकविताना ॲरिस्टॉटलने सांगितलेले तीन मार्ग, म्हणजे तर्क, वक्त्याची विश्वासार्हता आणि श्रोत्याच्या भावनेला आवाहन, बहुधा वेगवेगळ्या रकान्यांत मांडले जातात. तर्क श्रेष्ठ व भावना कनिष्ठ, असा न लिहिलेला नियमही त्याबरोबर रुजतो. 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली दोन भागांत प्रसिद्ध झालेला 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध या नियमाला छेद देतो. त्याची लेखिका मुक्ता साळवे तेव्हा सुमारे १४ वर्षांची, फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी होती.

निबंधाचा गाभा निगमनात्मक आहे. वेदांवर अधिकार केवळ ब्राह्मणांचा, हे प्रतिपक्षाचे विधान मुक्ता खोडून काढीत नाही. ती ते गृहीत धरते. मुसलमानांना कुराणाचा, इंग्रजांना बायबलचा आधार आहे, हे साम्यदर्शक उदाहरण ती शेजारी ठेवते. (कुराणाचा उल्लेख येथे वादासाठी नव्हे, तुलनेसाठी आहे.) मग ज्यांना ग्रंथच नाही ते धर्मरहित ठरतात, आणि आपला धर्म कोणता हे ती थेट देवालाच विचारते. प्रतिपक्षाला आता दोनच वाटा उरतात : वेद सर्वांना खुले करणे, किंवा मांग-महार आपल्याच धर्माचे आहेत हा दावा सोडणे.

पुराव्यांची प्रत मात्र सारखी नाही. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराचा शिरच्छेद होई, ही लेखिकेच्या जन्मापूर्वीची, ऐकीव साक्ष आहे. आजचा परीक्षक तिला दाखला मागेल. छपराविना होणारी बाळंतपणे हा भोवतालचा अनुभव आहे. तो भावनिक म्हणून गुण कापणे चूक ठरेल, कारण नाकारलेल्या अधिकाराची किंमत कोण मोजते हे तोच दाखवितो. सामरवरणी-सिल्वासा परिसरात वारली किंवा कोकणा घरांतून आलेला विद्यार्थीही पुष्कळदा अशाच पुराव्याने लिहू लागतो.

निबंधाची कच्ची बाजू इंग्रजी राज्याच्या स्तुतीत आहे. तेथे तुलना फक्त मागील राजवटीशी होते. नवी राजवट स्वतःच्या कसोटीवर घासली जात नाही. शेवटी मुक्ता मांग-महारांकडेच वळून त्यांना शिकण्यास सांगते. श्रोता बदलताच तर्क मागे पडतो आणि समदुःखी म्हणून लाभलेली तिची विश्वासार्हता पुढे येते.