ज्ञानदेवो ते ग्यानबा: एका नावाचे रसग्रहण

विठ्ठलपंतांच्या चारही मुलांची नावे ओळीने उच्चारली की एक वाट समोर उभी राहते: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. त्यांतल्या दुसऱ्या नावाला मराठी माणसाने जेवढी रूपे दिली, तेवढी क्वचितच कुणाला दिली असतील. ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, ज्ञानोबा, ज्ञानबा, ग्यानबा, ज्ञानू, ज्ञानेश. माणसाचे नाते जसे बदलते तसे त्याचे नाव बदलते, आणि हेच या नावाच्या गोडीचे मर्म आहे.

आधी धन्याने स्वतःचे नाव कसे वापरले ते पाहावे. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत तो अनेकदा स्वतःला नुसता ‘निवृत्तिदासु’ म्हणवतो. थोरल्या भावाचे, म्हणजे गुरूचे, नाव पुढे करून आपण मागे राहतो. पण पसायदानाच्या शेवटच्या ओवीत ‘ज्ञानदेवो’ येतो. जुन्या मराठीत पुल्लिंगी नामाला लागणारा हा ओकार इथे केवळ व्याकरणाचा उरत नाही. ओवीच्या पहिल्या तीन चरणांचे यमक याच ओकाराने जुळते. पहिल्या चरणात वर देणाऱ्या विश्वेश्वराचे नाव, तिसऱ्यात वर घेणाऱ्याचे. देणारा आणि घेणारा एकाच नादात गुंफले जातात. जगासाठी सगळे मागून झाल्यावर शेवटी स्वतःचे नाव घ्यायचे, तेही ‘मी’ न म्हणता, तिऱ्हाइताचे घ्यावे तसे! एवढा संयम असलेली नाममुद्रा मला दुसरी आठवत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला ताटीचे अभंग आहेत. लोकांच्या बोलण्याने दुखावलेला भाऊ झोपडीची ताटी लावून आत बसला आहे आणि बाहेरून धाकटी मुक्ता विनवते आहे. ती दादा म्हणत नाही, लाडाचे नाव घेत नाही. ‘ज्ञानेश्वरा’ अशी पूर्ण नावाने हाक मारते. घरातल्या माणसाने पुरे नाव घेतले की आपण चपापतो, तसा धाक या हाकेत आहे. पण त्याहून अधिक त्यात आठवण करून देणे आहे. ज्ञानाचा ईश्वर म्हणवणाऱ्याने रागावून कसे चालेल? तिचा सगळा उपदेश त्या संबोधनातच सामावला आहे.

मग हे नाव लोकांच्या हाती येते. विठोबा, खंडोबा, तुकोबा या पंगतीत तो ‘ज्ञानोबा’ होऊन बसतो. ‘बा’ लावला की आदर राहतो आणि अंतर मिटते. देवाला आणि घरच्या वडीलधाऱ्याला मराठी बोली हाच एक प्रत्यय पुरवते. आळंदीहून पालखी निघाली की टाळ-मृदंगाच्या तालात त्याचा ‘ज्ञानबा’, ‘ग्यानबा’ होतो. ‘ज्ञ’सारखे जड जोडाक्षर चालत्या पावलांना सुटसुटीत करून हवे असते. त्याच गजरात शेजारी तुकाराम येतात. दोघांमध्ये सुमारे साडेतीनशे वर्षांचे अंतर असूनही जोडीची भावंडेच वाटतात. आणि ‘माऊली’ म्हटले की नावच गळून पडते, पुरुषाला आईपण मिळते. वारीत अनोळखी माणसालाही ‘माऊली, जरा सरका’ म्हणतात, तेव्हा एका संताचे नाव सगळ्यांचे झालेले असते.

एवढे मोठे नाव संसारातही मुरले. गावोगावी ज्ञानोबा, ज्ञानदेव नावाचे आजोबा भेटतात, शाळेच्या हजेरीत ज्ञानेश्वर असतो, घरी तोच ज्ञानू. मुलीचे नाव ज्ञानेश्वरी ठेवतात, म्हणजे ग्रंथच घरात वाढतो. इंग्रजीत हा मुलगा नाव लिहितो तेव्हा सुरुवातीला ‘डी’ आणि ‘एन’ लावतो. त्या दोन अक्षरांवरून तो मराठी आहे हे परप्रांतातही कळते. अगदी गोष्टीतली खरी खोच सांगायची तरी आपण ‘ग्यानबाची मेख’ म्हणतो.

मोठेपणाची नावे बहुधा जपून, दुरून घेतली जातात. हे नाव मात्र लोकांनी तोडले, वाकवले, ज्याला जसे जमले तसे उच्चारले, आणि तरी त्यातला आदर तसूभर कमी झाला नाही. संस्कृतातले ज्ञान मराठीत आणणाऱ्याचे नाव बोलीने असे आपलेसे करावे, यापरता उचित सन्मान नाही. म्हणून ज्यांच्या घरी नवा ज्ञानेश्वर येईल त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: दाखल्यावर पुरे नाव लिहा, पण घरात ज्ञानू, ज्ञानबा, ज्ञानोबा सगळे नांदू द्या.