पुडीतली झोप

धायरी फाट्याच्या दुकानांत हल्ली संध्याकाळच्या 'वनस्पती-चहा'च्या पुड्या मिळतात. अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी, जायफळ आणि आणखी पाच-सहा नावे. दिवे मंद करा, गरम घोट घ्या, मन शांत होईल, असा मजकूर. शेवटी ठरलेले वाक्य : 'संपूर्ण नैसर्गिक, म्हणून निर्धोक.' यातल्या 'म्हणून' या शब्दाला माझी हरकत आहे.

सर्पगंधेचे उदाहरण घ्या. ती मनोविकारांवर व रक्तदाबावर उपयोगी असल्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यक खडबडून जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्या मुळांतून रेसरपीन वेगळे केले गेले. चेतापेशींतील डोपामिन, सेरोटोनिन यांचे साठे ते रिकामे करते. म्हणून रुग्ण शांत होतो. याच औषधाने काही रुग्णांना नैराश्य आल्याच्याही नोंदी झाल्या. वनस्पती नैसर्गिकच होती!

वकिलांच्या कामात वनस्पती एक होती आणि परिणाम रक्तदाबमापकावर वाचता येत होता. पुडीत दहा वनस्पती, आणि कोणती किती याचा पत्ता नाही. बरे, 'ब्राह्मी' म्हणजे नेमकी कोणती? बाकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका या अगदी वेगळ्या कुळांतल्या दोन्ही वनस्पती आपल्याकडे या नावाने विकल्या जातात. जायफळ आपल्या आज्याही दुधात देत, पण सहाणेवर दोन वळसे उगाळून. जास्त पोटात गेले तर उलट्या, धडधड, भ्रमसुद्धा होतो. अश्वगंधेने झोप थोडी सुधारल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले आहे, हे मान्य करायला हवे. पण तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणेही २०२० मध्ये आइसलँड व अमेरिकेतून प्रसिद्ध झाली. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ही बंदी मला थोडी घाईची वाटते. तरी थायरॉईडच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे, एवढी एक ओळ पुडीवर नसावी? (जटामांसी तर हिमालयात इतकी ओरबाडली गेली, की १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.)

पुडी पिऊन झोप लागली, असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. पण त्या वेळी दिवे मंद होते, दूरदर्शन संच बंद होता आणि रोज ठरलेल्या वेळी अंथरुणावर पडणेही झाले होते. मग श्रेय कोणाचे? नववी-दहावीच्या वर्गात याचा आराखडा करून घ्या. कागदावरच, विद्यार्थ्यांना काहीही प्यायला न देता. तीन गट : एकाला पुडीचा चहा, दुसऱ्याला तशाच रंगा-वासाचे निरुपद्रवी गरम पाणी, तिसऱ्याला काहीच नाही, मंद दिवे तिघांनाही. पहिले दोन गट सारखेच झोपले तर काय म्हणायचे? आणि झोपेची नोंद ठेवणाऱ्याला, कोणाच्या पेल्यात काय आहे, हे माहीत असावे का?