कारखान्यात मारलेली निरगाठ

नाडीला सुरगाठ आणि पोत्याच्या तोंडाला निरगाठ, हा फरक आपल्याकडे लहानपणीच हाताला शिकवला जातो. सुरगाठीचं टोक ओढलं की ती सुटते. निरगाठ ओढाल तेवढी आवळते आणि शेवटी नखं, दात किंवा सुरी यांनाच दाद देते. इलेक्ट्रिकच्या दुकानात शंभराच्या पाकिटात मिळणारा नायलॉनचा केबल टाय या दुसऱ्या जातीतला. फक्त ही निरगाठ बांधणाऱ्याच्या बोटांनी मारलेली नसते. ती साच्यातच ओतून आलेली असते. आपण तिचं टोक डोक्यातून ओवून ओढतो, एवढंच.

टाय सुधारायचा विषय निघाला की पहिली मागणी ठरलेली असते: तो पुन्हा उघडता यायला हवा. मला ही मागणी कधीच पटलेली नाही. या वस्तूत जे खरोखर सुधारलं, ते निरगाठीची सुरगाठ केल्यामुळे सुधारलं नाही. ते शेपटीच्या टोकात, दात्यांच्या बाजूत आणि डोक्याच्या उंचीत सुधारलं. हे पाहायचं तर टाय शेपटीपासून डोक्यापर्यंत, एकेक ओळ थांबत वाचावा लागतो.

चांगल्या बनावटीचा टाय टेबलावर आडवा ठेवा आणि टोकाकडे पाहा. टोक किंचित वर वळलेलं दिसेल. वाकलेला माल म्हणून तो बाजूला काढू नका; ते वळण मुद्दाम दिलेलं आहे. सपाट पत्र्यावर पडलेली नायलॉनची पट्टी हातमोजे घातलेल्या बोटांना उचलता येत नाही, नुसती सरकत राहते. टोक वर असलं की ती चिमटीत येते. शिवाय वायरींच्या जुडग्यामागून, जिथे नजर पोचत नाही तिथून, टोक पुढे आणून डोक्याच्या भोकात घालायचं असतं. सरळ टोक भोकाच्या कडेला अडखळतं, वळलेलं वाट काढतं. टोकाशी दाते नसतात, पकड यावी म्हणून आडव्या रेघा असतात. ज्याने हे टोक आखलं त्याने स्वतः पाठीवर झोपून, डॅशबोर्डखाली हात घालून, शे-दोनशे टाय लावले असणार असं मला नेहमी वाटतं. टेबलाशी बसून हे सुचत नाही.

टोकाच्या पुढे पट्टी. अडीच मिलिमीटर रुंदीचा बारका टाय साधारण आठ किलोचा ताण सोसतो, ४.८ मिलिमीटरचा साधारण बावीस किलोचा. पट्टीवर करवतीसारखे बारीक दाते असतात आणि नेहमीच्या टायमध्ये ते आतल्या बाजूला, म्हणजे वायरीकडे तोंड करून असतात. विचार केला तर हे विचित्रच आहे. ज्या वायरीला जपायचं, तिच्याच अंगावर करवत आवळायची! थरथरणाऱ्या यंत्रात वायरीचं रबरी आवरण त्या दात्यांखाली घासत राहतं. म्हणून काही उत्पादकांनी दाते बाहेरच्या अंगाला नेले. आतली बाजू गुळगुळीत, कडा गोलसर. बाहेरून तो टाय जरा खडबडीत दिसतो, पण त्याचा गुळगुळीतपणा जिथे हवा तिथे आहे. दिसण्याचं वायरीला काय?

आता डोकं. सगळी करामत इथे आहे. डोक्याच्या चौकोनी भोकात एक छोटी जिभली असते, तीही त्याच नायलॉनची, एका बाजूने डोक्याला चिकटलेली. पट्टी आत येते तेव्हा प्रत्येक दाता जिभलीला थोडं मागे लोटतो, ती लवते, दाता निसटतो, ती परत जागेवर येते. तो करकर आवाज म्हणजे जिभलीने मोजलेले दाते. पट्टी उलटी ओढली की दाते जिभलीत अडकतात, तिला आपल्याबरोबर खेचू पाहतात; पण तिचा कोन असा धरलेला असतो की खेचली गेलेली जिभली पट्टीवरच आणखी दाबून बसते. पट्टी ओढणारं बळच तिला रोखून धरतं. जास्त जोर लावा, जास्त घट्ट. निरगाठीचा अख्खा स्वभाव नखाएवढ्या जागेत बसवलाय, आणि त्यात ना स्प्रिंग, ना स्क्रू, ना दुसरा सुटा भाग.

या जागी सुधारणेला वाव थोडा आणि फार नाजूक आहे. जिभलीचा सांधा जाड केला तर ओवताना जोर लागतो आणि बोटं दुखतात. पातळ केला तर ताण आल्यावर जिभली उलटी होते. जिभलीला एकच दात ठेवला तर सगळा भार त्याच्यावर. तीन ठेवले तर भार वाटला जातो, पण मग तिघांनाही आपापली खाच अचूक सापडली पाहिजे. शिवाय दात्यांच्या टायची एक जन्मखोड आहे. तुम्ही ताणून सोडलात की पट्टी पुढच्या दात्यापर्यंत केसभर मागे येते. तेवढी ढील राहतेच. दाते जितके बारीक तितकी ढील कमी, आणि तितकेच ते नाजूक.

मूळ टायमध्ये ही खोड नव्हती. त्याची कथा विमानाच्या कारखान्यातली आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस अँड बेट्स या कंपनीतले मॉरस लोगन बोइंगच्या कारखान्यात गेले होते. विमानातल्या हजारो वायरी तिथे मेण लावलेल्या दोऱ्याने बांधत. दर थोड्या अंतरावर एक गाठ, आणि प्रत्येक गाठ बोटांनी आवळायची. दोरा कातडीत रुतायचा. हातांना घट्टे पडायचे, कापायचं. लोगन यांनी त्याच्या जागी पट्टी आणि डोकं यांचा विचार सुरू केला आणि जून १९५८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. टाय-रॅप या नावाने तो बाजारात आला. त्यात पट्टी नायलॉनची पण डोक्यातली जिभली धातूची होती. धातूचं पातं पट्टीत हव्या त्या जागी रुततं, त्याला दात्याच्या खाचेची वाट पाहावी लागत नाही. पूर्ण नायलॉनचा, एकाच ओतात होणारा टाय १९६० च्या दशकात आला. तो स्वस्त झाला आणि जगभर पसरला, पण ढील घेऊन आला. स्टीलच्या जिभलीचे टाय आजही मिळतात. हातात घेऊन पाहा. ओढताना ते करकरत नाहीत. मला मात्र ती करकर हवीशी वाटते. टाय लागल्याची खबर ती कानाला देते.

पदार्थाबद्दल. हे नायलॉन म्हणजे नायलॉन ६,६. दोन घटकांपासून बनतं, दोन्हींत सहा-सहा कार्बन अणू, म्हणून ते नाव. ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या चमूने १९३५ मध्ये ते पहिल्यांदा केलं. ते २६० अंशांच्या आसपास वितळतं, पण साधा टाय ८५ अंशांच्या वर वापरू नये असं सांगतात. त्याचा एक गुण मात्र पाकीट घेणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतो: त्याला पाणी लागतं. साच्यातून निघालेलं कोरडं नायलॉन ठिसूळ असतं. हवेतली ओल शोषून, वजनाच्या साधारण अडीच टक्के पाणी पोटात घेतल्यावर ते चिवट होतं. म्हणून टाय ओल देऊन, बंद पिशवीत येतात. ती पिशवी उघडी टाकून दिली तर मेमधल्या नागपुरात तोच टाय ओढताना कट्कन तुटतो, आणि कोकणातल्या जुलैत मुकाट आवळला जातो. मग शिव्या खातो टाय. असं पाकीट निघालं तर टाय काही तास पाण्यात बुडवून ठेवा. त्यांतले बरेचसे सुधारतात.

उन्हाचं वेगळं. दुधी रंगाचा टाय गच्चीवर लावला की ऊन त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतं आणि तो चिरा पडून गळून पडतो. त्यावर उपाय काजळीचा. नायलॉनमध्ये साधारण दोन टक्के कार्बन ब्लॅक मिसळला की अतिनील किरण तोच पिऊन टाकतो. म्हणून बाहेरच्या कामाला काळा टाय. पण काळा दिसणारा प्रत्येक टाय उन्हाचा नसतो. नुसता रंग घातलेलेही असतात. पाकिटावर अतिनील किरणांबद्दल काही लिहिलंय का ते बघून घ्या. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांसाठी निळे टाय करतात, त्यांच्या नायलॉनमध्येच धातूची पूड असते. तुकडा पिठात किंवा सॉसमध्ये पडला तरी धातूशोधक यंत्र त्याला पकडतं आणि निळा रंग डोळ्यांना दिसतो, कारण निळं अन्न जवळपास नसतंच. ही कल्पना ज्याची, त्याला माझा नमस्कार.

वाचनाचा शेवट टाय संपतो तिथे होत नाही. खरी परीक्षा त्याच्यापुढे, कापलेल्या खुंटाची. माझ्या उजव्या मनगटावर एक बारीक पांढरी रेघ आहे. कपाटामागच्या वायरींत हात घातला आणि तिरप्या कापलेल्या टायने साडेतीन इंच ओरखडा काढला. कापणारा मीच होतो, दोन वर्षांपूर्वी, घाईत, साध्या पक्कडीने. नेहमीच्या टायमध्ये पट्टी डोक्यातून काटकोनात आरपार जाते. त्यामुळे डोकं जुडग्यावर उभं राहतं, आणि खुंट ब्लेडसारखा बाहेर बघतो. यावरचं उत्तर म्हणजे समांतर तोंडाचा टाय. त्यात पट्टी डोक्यात आडवी शिरते, पट्टीच्याच दिशेने. डोकं जुडग्याच्या अंगाला लागून झोपतं, खुंटही आडवाच राहतो. माझ्या मते टायच्या अख्ख्या इतिहासातली ही सगळ्यात सुंदर सुधारणा. निरगाठ निरगाठच राहिली, फक्त तिने नखं आत घेतली.

दुसरं उत्तर हत्याराचं. कारखान्यांत टाय ओढायला पिस्तुलासारखं हत्यार असतं. त्यावर ताण ठरवून ठेवायचा. तेवढा ताण आला की हत्यार ओढणं थांबवतं आणि शेपूट डोक्याला लागून सपाट कापतं. टायला कधी थांबावं हे कळत नाही, हा त्याचा मोठा दोष. ते शहाणपण हत्याराकडे दिलं. हाताने लावणाऱ्याकडे ते नसतं. म्हणूनच नेटवर्कच्या केबलींवर जाणकार टाय लावत नाहीत, वेल्क्रोची पट्टी लावतात. आत पिळलेल्या तारांच्या जोड्या दबल्या की त्यांची ठेवण बिघडते. काचेच्या तंतूला तर दाब मुळीच खपत नाही.

आणि ज्या दोऱ्याला हटवायला टाय आला, तो दोरा संपलेला नाही. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीची छायाचित्रं पाहा. वायरींचे जुडगे दोऱ्याने गाठी मारून बांधलेले दिसतात. दोऱ्याला डोकं नाही, कोपरा नाही, वजन नाही आणि आवळण्याची मोजदाद बांधणाऱ्याच्या हातात आहे. टायने बोटं वाचवली हे खरं. गाठ मात्र दोऱ्याचीच सरस राहिली.

आता त्या मागणीकडे. उघडता येणारा टाय मिळतो. डोक्यावर एक खटका असतो, तो दाबला की जिभली वर उचलली जाते. कुंड्यांतल्या वेलींना आणि चार दिवसांच्या मांडवाला तो ठीकच. पण त्याचं डोकं बोजड होतं आणि खटका कधी चुकून दाबला जाईल ही धास्ती राहते. कचऱ्याचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. आपल्या शहरांतल्या विजेच्या खांबांकडे मान वर करून पाहा. फ्लेक्स उतरवून नेलेले असतात, टाय तिथेच. एकेका खांबावर कित्येक वाढदिवसांचे आणि निवडणुकांचे थर चढलेले. त्याखेरीज प्रत्येक टायची कापलेली शेपूट जमिनीवर पडते ती वेगळीच. या शेपटीचा विचार रॅपस्ट्रॅप नावाच्या पट्टीने केला. ती मऊ पॉलियुरेथेनची, लांबीभर जाळीसारखी घरं असलेली. टोक एका घरातून ओवून आवळायचं, उरलेला तुकडा कापला की तोच पुढचा टाय. डोकं एका ठिकाणी नसून सगळीकडे आहे, म्हणून शेपूट वाया जात नाही. कल्पना म्हणून मी तिला दाद देतो. वायरिंगला मी ती लावणार नाही. मऊ पट्टी ताण देते, धरून ठेवत नाही.

राहता राहिला नको तिथे आवळला गेलेला साधा टाय. त्याला लगेच कातरी लावू नका. बारीक टाचणी घ्या. शेपूट ज्या बाजूने बाहेर निघाली त्या बाजूने डोक्यात डोकावा, जिभली आणि दाते यांच्या फटीत टाचणी सरकवा, जिभली हलकेच दात्यांपासून दूर करा आणि पट्टी मागे ओढा. पहिल्या वेळी जमणार नाही. टाय थोडा आणखी घट्ट ओढून जिभलीवरचा भार काढा, मग जमेल.