अजिंठ्याचे अपुरे लेणे

अजिंठ्याला गेलेला माणूस पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे उभा राहतो, त्या झुकलेल्या पापण्या पाहतो आणि बहुतेक वेळा तिथेच त्याचा अजिंठा संपतो. पद्मपाणीवर पुष्कळांनी लिहिले आहे आणि त्यातले बरेचसे खरेही आहे. मला ओढ आहे ती चोविसाव्या लेण्याची. अर्धवट म्हणून लोक त्याच्यावरून पुढे जातात.

आकाराने हा विहार चौथ्या लेण्याच्या खालोखाल. पुरा झाला असता तर वाघूर नदीच्या त्या वळणावरचा बहुधा सर्वांत देखणा ठरला असता, असे दर्शनी भाग पाहून वाटते. स्तंभशीर्षांवरचे कोरीवकाम ऐन बहरातले. छिन्नी फिरवणाऱ्याला कसली घाई नव्हती, हे प्रत्येक वळशात दिसते. आत पाऊल टाकले की मात्र हे सारे थांबते. खांबांपैकी जेमतेम एखादाच पुऱ्या रूपाला आलेला, बाकीचे ओबडधोबड ठोकळे, भिंतींवर टाकीचे उघडे घाव.

या घावांतूनच लेणे खोदायची रीत उलगडते. पाथरवट वरून खाली येत. आधी छत, मग खांब, तळ सर्वांत शेवटी. त्यामुळे परांची बांधायची गरजच कमी. खडकात समांतर गल्ल्या पाडायच्या, मग मधल्या भिंती फोडायच्या आणि खांबांपुरता दगड राखायचा. पुऱ्या झालेल्या लेण्यात गिलावा आणि रंग हे सगळे झाकून टाकतात. इथे ते उघड्यावर आहे.

खरी गंमत आहे ती कामाच्या क्रमात. आतले दालन अजून खडकातून सुटलेले नाही आणि पुढचा भाग नटून तयार! घराच्या भिंती उभ्या राहण्याआधी कुणी उंबऱ्यापुढे रांगोळी घालत नाही. ज्यांनी घातली त्यांना पैसा आणि वर्षे, दोन्हींची चिंता नसावी. सुवर्णयुगाचा आत्मविश्वास मला शिलालेखांतल्या प्रशस्तीपेक्षा या उतावळ्या नक्षीत जास्त खरा वाटतो.

प्रशस्तीही आहेतच. सोळाव्या लेण्यात वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. त्यात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, लाट, आंध्र अशी प्रदेशांची नावे एकामागून एक येतात. सतराव्याचा दाता एक मांडलिक राजा. धाकट्या भावाच्या मृत्यूने तो खचला होता, आणि ते दुःख लेखातही उतरले आहे. इतके बोलके दाते, आणि चोविसावे मुके.

काम नेमके कधी थांबले? वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने आयुष्याची कित्येक दशके या डोंगरात घालवली. दारांच्या खुंट्यांसाठी कोरलेल्या खोबणींसारख्या बारकाव्यांवरून त्यांनी मांडले, की अजिंठ्याचा दुसरा बहर साधारण 462 ते 480 एवढ्यातच आटोपला आणि 477च्या सुमारास हरिषेण जाताच तो कोसळला. हा काळ इतका आखूड असेल हे सर्वांना पटत नाही. मलाही वर्षा-वर्षाचा हिशोब जरा अतिनेटका वाटतो. पण काम अचानक थांबले, याची साक्ष चोविसावे लेणे देते. शैली थकलेली, हात घसरलेला, अशी कुठलीच खूण तिथे नाही. कला ऐन भरात असतानाच तिच्यामागचा खजिना आणि हुकूम नाहीसा झाला.

नागपूरच्या वा. वि. मिराशींनी दंडीच्या 'दशकुमारचरिता'तल्या विदर्भाच्या कथेत वाकाटकांच्या अस्ताची छाया पाहिली. चैनीत रमलेला तरुण राजा, शेजारच्या अश्मक राज्याचे कारस्थान, फितूर मांडलिक. कथेला इतिहास मानताना हात आखडता घ्यावा हे खरे. तरी दुसरे काही हाताशी नसताना तिचा मोह टाळणे कठीण.

नंतर काय झाले, ते सव्विसाव्या लेण्यात दिसते. बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने हे चैत्यगृह अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ करवून घेतले. तिथल्या महापरिनिर्वाणाच्या प्रचंड शिल्पासाठी लोक येतात, आणि ते तेवढे मोठे आहेच. त्याच्या आसपास मात्र मूळ आराखड्यात न बसणारे बुद्ध दाटीवाटीने कोरलेले आहेत. मापे वेगळी, ओळ चुकलेली. स्पिंक यांच्या मते राजाश्रय सुटल्यावर उरलेल्यांनी सापडेल तिथे ही भर घातली. अजिंठ्यातल्या अशा सुट्या दानांच्या लेखांत कुणा भिक्षूचे नाव असते, आणि पुण्य आईवडिलांना व सर्व जीवांना लाभो अशी इच्छा.

कारागिरी म्हणून यातले पुष्कळ बुद्ध सुमार आहेत. काहींनी तर जुन्या आखणीची सरळ मोडतोड केली आहे. पण हरिषेणाची शिस्त टिकली असती, तर या भिक्षूंना तिथे वीतभरही भिंत मिळाली नसती.