धूम्रपानकक्षातील समता

व्यसनाचे दुष्परिणाम दाखविणे लेखकाला फारसे अवघड नसते. व्यसनाभोवती जमणाऱ्या माणसांचा स्नेह खरा मानणे, आणि तरीही त्याची किंमत कोण मोजतो हे दाखविणे, ही खरी कसोटी होय. राम गणेश गडकरी यांचे १९१९ साली रंगभूमीवर आलेले 'एकच प्याला' या कसोटीस उतरते. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात शास्त्री आणि खुदाबक्ष एकत्र बसतात. धर्माचे आणि प्रतिष्ठेचे भेद प्याल्यासरशी गळून पडतात. प्रेक्षक मनमुराद हसतो. परंतु गडकरी त्याला त्या बैठकीत रेंगाळू देत नाहीत. सुधाकराच्या घरी सिंधू दळण दळताना दिसली की मंडळातील बंधुभावाचा खर्च कोणाच्या माथी पडतो, हे निराळे सांगावे लागत नाही.

या रचनेचे मर्म आजच्या लेखकालाही उपयोगी पडेल असे आहे. बेंगळूरच्या महादेवपुरा भागात, व्हाइटफील्डच्या संगणक-उद्यानांत, महाराष्ट्रातून गेलेले अनेक तरुण नोकरी करतात. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी कचेऱ्यांत धूम्रपानास बंदी केली. स्वतंत्र कक्षाची मुभा राहिली ती विमानतळ, किमान ३० खोल्यांची हॉटेले आणि किमान ३० आसनांची उपाहारगृहे यांना. तोही चारही बाजूंनी भिंतींचा, आपोआप मिटणाऱ्या दाराचा आणि धूर थेट बाहेर टाकणारा हवा. कचेरीतल्या माणसाला मात्र फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीशीच जावे लागते. तिला भिंती नाहीत. तरी तो एक कक्षच होय.

या कक्षातील संभाषणाला सिगारेटच्या लांबीएवढेच आयुष्य असते. साहेब कनिष्ठाकडे काडेपेटी मागतो, आणि तेवढ्या वेळापुरती पायरी नाहीशी होते. बैठकीत दडविलेली भीती, बढतीची कुणकुण, गावाकडच्या आजारपणाची बातमी येथे सहज बोलली जाते. या मोकळेपणाला केवळ ढोंग म्हणून झिडकारणारा लेखक माणसाला पारखा होईल.

परंतु ही समता प्रवेशमूल्य मागणारी आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधील गप्पांत सहभागी व्हायला चाळीत राहणे एवढीच पात्रता पुरते. टपरीवरच्या वर्तुळात शिरायला मात्र हाती सिगारेट लागते. जी ती ओढत नाही, आणि लोक काय म्हणतील या धाकाने तेथे उभीही राहत नाही, तिला कामाची खरी वार्ता उशिरा कळते. शिवाय टपरीवाला आहे. गिऱ्हाइके दहा मिनिटांनी निघून जातात. तो दिवसभर परक्यांच्या धुरात चहा उकळीत राहतो. त्या संभाषणाचा तोच एकमेव अखंड श्रोता, आणि त्यात त्याला एकही वाक्य नाही.

धूम्रपानकक्षावर लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकाने केवळ चुरचुरीत संवाद टिपले तर त्याच्या हाती आर्यमदिरामंडळ तेवढे येईल. केवळ उपदेश केला तर तेही हाती लागणार नाही. गडकऱ्यांची श्रेष्ठता अशी की त्यांनी मंडळाला त्याचा सारा विनोद दिला आणि मग दळणाचा आवाज ऐकविला. महादेवपुऱ्यातील त्या टपरीवर तो आवाज उकळत्या चहाच्या पातेल्याचा आहे. तो ऐकू येण्याइतकी शांतता संवादांच्या मध्ये राखणे, हे त्या लेखनाचे पहिले काम ठरेल.