छत्तिसाचा आंकडा

दोघांचा छत्तिसाचा आंकडा आहे असें म्हटलें म्हणजे त्यांचें पटत नाहीं, हें मराठी वाचकांस सांगावयास नको. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले. योगायोग असा कीं, परक्या माणसांस समोरासमोर आणण्यासाठीं अमेरिकेंतील एका मानसशास्त्रज्ञानें जे प्रश्न योजिले, त्यांची संख्याही ३६च आहे.

स्टोनी ब्रुक येथील विद्यापीठाचे आर्थर ॲरन यांनीं सहकाऱ्यांसह हा प्रयोग १९९७ सालीं प्रसिद्ध केला. एकमेकांस न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या बसवून त्यांस १२ प्रश्नांचे तीन गट, प्रत्येकास १५ मिनिटें, असे दिले. आरंभीचे प्रश्न ओळखीच्या बोलण्यासारखे. पुढचे आईशीं असलेल्या नात्यास, दुसऱ्यादेखत ढाळलेल्या अश्रूंस, घरच्या माणसाच्या मृत्यूच्या कल्पनेस हात घालणारे. कांहीं जोड्यांस मात्र केवळ किरकोळ गप्पांचे विषय दिले होते. पाऊण तासानंतर पहिल्यांची जवळीक दुसऱ्यांहून स्पष्टपणें अधिक भरली.

या प्रयोगाचें मर्म प्रश्नांच्या चातुर्यांत नसून त्यांच्या क्रमांत व परतफेडींत आहे, असें आम्हांस वाटतें. एकानें मन थोडें उघडावें, दुसऱ्यानें तितकेंच उघडावें, मग दोघांनीं पुढें जावें. पहिल्याच भेटींत सारें सांगून टाकणारा मनुष्य नकोसा होतो, आणि कांहींच न सांगणारा परका राहतो. हा नित्याचा अनुभव ॲरन यांनीं मोजून दाखविला, हें त्यांचें श्रेय होय.

परंतु २०१५ सालीं न्यूयॉर्क टाइम्समधील एका लेखामुळें हे प्रश्न जगभर गाजले, ते प्रेम जडविण्याची युक्ति म्हणून. संशोधकांस हवें होतें तें जवळिकीचा अभ्यास करण्याचें साधन; लोकांनीं त्याचा वशीकरणमंत्र केला. निष्ठा आणि बांधिलकी एवढ्या अवधींत उत्पन्न होण्याचा संभव दिसत नाहीं, हें मूळ निबंधांतच नमूद आहे.

आमचा आक्षेप त्यांच्या मूळ सिद्धांताविषयीं आहे. १९८६ सालच्या ग्रंथांत ॲरन व त्यांच्या पत्नी इलेन यांनीं असें मांडलें कीं, मनुष्य जवळीक शोधतो ती स्वतःचा विस्तार व्हावा म्हणून. दुसऱ्याची दृष्टि, ज्ञान, सामर्थ्य तो आपल्यांत सामावून घेतो. मग पक्षाघातानें अंथरुणास खिळलेल्या पत्नीची वर्षानुवर्षें शुश्रूषा करणाऱ्या पतीचा विस्तार तो कोणता? त्याचें जग तर दिवसेंदिवस आंखूड होत जातें. यावर त्यांच्या बाजूनें असें म्हणतां येईल कीं, दुसरा एकदां 'मी'मध्यें सामावला म्हणजे त्याचें दुःख आपलेंच होतें. हें सामावणें मोजण्यासाठीं त्यांनीं १९९२ सालीं वर्तुळांच्या सात जोड्याही काढल्या, अगदीं अलग असलेल्यांपासून जवळजवळ एकरूप झालेल्यांपर्यंत. उत्तर मार्मिक आहे, पण पुरेसें नाहीं. कित्येक रात्रीं त्या पतीस दोन्ही वर्तुळें अलग झालेलीं वाटत असतील. तरी पहाटे औषध देण्यास तो उठतोच. हें उठणें जवळिकीच्या मापांत बसत नाहीं. त्यास कर्तव्य हें जुनेंच नांव लागतें.

तरीही या प्रश्नांस आम्ही टाकाऊ म्हणणार नाहीं. लग्नापूर्वीं ज्यांचें एकमेकांशीं ३६ वाक्येंही बोलणें झालें नव्हतें, अशीं कुटुंबें आमच्या वाचकांत थोडीं नसतील. त्यांनीं एखाद्या संध्याकाळीं हे प्रश्न आपसांत विचारून पाहावेत. एका छपराखालीं वीस वर्षें काढूनही कधीं न विचारलेले त्यांत बरेच निघतील.