समस्या–उपाय सारांशासाठी बालपुस्तकांची निवड : एक चिकित्सा

समस्या आणि उपाय या अंगाने सारांश लिहायला शिकवताना आपण बहुधा चौकट आधी ठरवतो आणि पुस्तक नंतर शोधतो. कोण, अडचण काय, उपाय काय, शेवट काय, या चार रकान्यांत बसेल ते पुस्तक योग्य, असा समज त्यातून तयार होतो. भावी शिक्षक म्हणून तुम्ही तो तपासून पाहायला हवा.

एरिक कार्ल यांचे ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ (१९६९) घ्या. अळीची भूक ही समस्या आणि खाणे हा उपाय, असे रकाने भरता येतात. पण पुस्तकाचा कणा वार, संख्या आणि वाढ यांच्या क्रमाचा आहे. शनिवारी नाना पदार्थ खाऊन पोट दुखते आणि रविवारी हिरवे पान खाल्ल्यावर बरे वाटते, एवढाच भाग खऱ्या अर्थाने समस्या–उपायाचा. म्हणून हे पुस्तक या पाठासाठी गैरसोयीचे.

याउलट इसापचा तहानलेला कावळा चौकटीत चपखल बसतो. एकच अडचण, एकच उपाय, आणि उपाय कावळ्याच्या स्वतःच्या कृतीतून आलेला. पहिल्या तासाला ही कथा उत्तम. मात्र अशाच कथा देत राहिलात, तर मुले वाचणे सोडून रकाने भरू लागतील.

पुढची पायरी पंचतंत्रातील चित्रग्रीवाची. कबुतरे जाळ्यासकट एकजुटीने उडतात; पारध्यापासून वाचतात, पण बंधन कायम राहते. पहिल्या उपायातून दुसरी समस्या उरते. हिरण्यक उंदीर पाश तोडायला येतो, तेव्हा चित्रग्रीव आधी अनुयायांना मोकळे करायला सांगतो. ‘उंदराने जाळे कुरतडले’ हा सारांश बरोबर आहे, पण त्यातून राजाचे राजेपण निसटते.

रस्किन बाँड यांच्या ‘द ब्लू अंब्रेला’मध्ये तर समस्या कोणाची, हाच प्रश्न आहे. छत्रीचा हव्यास दुकानदार राम भरोसाचा. त्यातून त्याला गावाचा बहिष्कार भोगावा लागतो. पण सुटका होते ती बिन्याने छत्री सोडून दिल्यामुळे. एकाची समस्या, दुसऱ्याचा उपाय.

तेव्हा पुस्तक निवडण्यापूर्वी तुम्ही स्वतः त्याचा चार वाक्यांत सारांश लिहा आणि काय सुटले ते पाहा. सुटलेला भाग कथेचा प्राण असेल, तर पुस्तक बाजूला ठेवू नका. चौकटीत एक रकाना वाढवा : ‘या उपायाची किंमत कोणी मोजली?’